लॅपटॉप झोपून उठला की टॅबलेटची बटणं सगळं विसरतात: लिनक्सवर हे का होतं आणि कायमचं कसं थांबवायचं

मी दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. चित्रं काढायचा पेनवाला टॅबलेट छोटा, वरच्या कडेला चार बटणांचा. चित्रं क्रिटामध्ये होतात. पहिल्या बटणावर अनडू, दुसऱ्या-तिसऱ्यावर ब्रश लहान-मोठा करणं आणि चौथ्यावर खोडरबर, अशी माझी मांडणी. डावा हात त्या चार बटणांवर आणि उजव्या हातात पेन, इतकी सवय झाली आहे की बटणाकडे बघावंही लागत नाही.

त्रास असा होता. दुपारी जेवायला उठताना लॅपटॉपचं झाकण लावायचे. परत येऊन चित्र पुढे सुरू केलं आणि अनडूचं बटण दाबलं, की रेघ मागे जायच्या ऐवजी कर्सर असेल तिथे रंगाचा एक ठिपका उमटायचा. तिसरं बटण दाबलं की क्रिटाची ती गोल रंगपेटी उघडायची. चौथं बटण चुकून ब्राउझरवर दाबलं गेलं तर आधीचं पान यायचं. वायर काढून परत लावली तरी तेच. मग टर्मिनल उघडून बटणं नेमून देणाऱ्या त्याच चार आज्ञा पुन्हा द्यायच्या. अंकाचं काम अंगावर असताना दिवसातून चार-पाच वेळा हे केलं आहे.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या: बटणं बिघडलेली नाहीत, आणि ती मनाला येईल तसंही वागत नाहीत. एक्स-इलेव्हनमध्ये, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेत, टॅबलेटच्या बटणांना काहीच नेमून दिलं नसेल तर ती माउसची बटणं होतात. १ म्हणजे डावा क्लिक, म्हणून ठिपका. ३ म्हणजे उजवा क्लिक, म्हणून रंगपेटी. आणि ४ ते ७ हे आकडे माउसच्या चाकासाठी, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवी सरकण्यासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे टॅबलेटच्या चौथ्या बटणाचा क्रमांक ४ नसून ८ असतो. माउसवर ८ म्हणजे मागचं पान. 'चौथं बटण सेट होतच नाही' अशी ज्यांची तक्रार असते, त्यातले बरेच जण ४ या क्रमांकाला आज्ञा देत असतात. १, २, ३, मग थेट ८, ९, १०, असं मोजायचं.

आता ती विसरतात का? सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतात तसं समजा. टॅबलेट जोडला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचा नवा केसपेपर काढतो, आणि एक्स सर्व्हर (एक्स-इलेव्हनचा मुख्य प्रोग्राम) त्यावरून आपली नोंद करतो. आपण आज्ञा देऊन जे काही ठरवतो ते त्या कागदावर लिहिलं जातं. वायर निघाली की कागद फाडला जातो. परत जोडला की कोरा कागद. झाकण लावल्यावर बऱ्याच लॅपटॉपमध्ये यूएसबीची वीज तोडली जाते, म्हणजे टॅबलेटच्या दृष्टीने वायर काढून लावल्यासारखंच. काही लॅपटॉप वीज चालू ठेवतात, त्यांच्यावर हा त्रास दिसत नाही, म्हणून 'माझ्याकडे तर नीट चालतं' असं सांगणारा कुणीतरी नेहमी भेटतो. तोही खरंच सांगत असतो.

म्हणजे प्रश्न 'आज्ञा कोणती द्यायची' हा नाहीच. कोऱ्या कागदावर दर वेळी तीच नोंद करणारं कुणीतरी तिथे कायम हवं, आणि ते एकच हवं. दोघं असले की एकाने लिहिलेलं दुसरा खोडतो. माझे सगळ्यात जास्त दिवस याच गोंधळात गेले.

सुरुवात तपासणीने करा. आधी बटण दाबल्याचं कर्नलपर्यंत पोचतंय का, ते बघायचं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' द्या. डेबियन, उबंटू, मिंटवर ही आज्ञा लिबइनपुट-टूल्स या पॅकेजात येते. मग एकेक बटण दाबा. 'टॅबलेट पॅड बटन' अशी ओळ आणि पुढे आकडा दिसला तर बटण, वायर, कर्नल सगळं ठीक आहे. इथे मोजणी शून्यापासून असते हे विसरू नका. इथलं ० म्हणजे एक्स-इलेव्हनचं १, आणि इथलं ३ म्हणजे तिथलं ८. काहीच उमटलं नाही तर पुढची मेहनत वाया, आधी ड्रायव्हर आणि वायर बघा. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

दुसरं, तुमचं सेशन कोणतं ते बघा. 'एको' लिहून एक जागा सोडा आणि डॉलरचं चिन्ह जोडून 'एक्सडीजी सेशन टाइप' द्या, तिन्ही शब्द मोठ्या अक्षरांत, मधे अंडरस्कोर. उत्तर एक्स-इलेव्हन येईल किंवा वेलँड, म्हणजे त्याच्या जागी आलेली नवी व्यवस्था. इथून दोन वेगळ्या वाटा सुरू होतात आणि एका वाटेचा उपाय दुसरीवर चालत नाही.

एक्स-इलेव्हन असेल तर

हत्यार एकच, एक्ससेटवाकॉम. नावात वाकॉम असलं तरी ज्या दुसऱ्या कंपन्यांचे टॅबलेट वाकॉमच्या एक्स ड्रायव्हरखाली येतात त्यांनाही ते चालतं. 'एक्ससेटवाकॉम --लिस्ट डिव्हायसेस' दिलं की एकाच टॅबलेटच्या दोन-तीन ओळी येतात: स्टायलस, इरेझर, पॅड. पेनवरची बटणं स्टायलसच्या ओळीत आणि पाटीवरची, म्हणजे टॅबलेटवरची, बटणं पॅडच्या ओळीत. पाटीच्या बटणाची आज्ञा स्टायलसला दिली तर ती निमूटपणे पेनच्या टोकाला लागू होते, आणि मग पेन टेकवलं की अनडू होतो. हे झालं तर घाबरू नका, वायर काढून लावा, कागद कोरा होतो.

त्या ओळीत आयडी म्हणून एक आकडा दिसतो. तो वापरू नका. तो दर जोडणीला बदलू शकतो. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्या, शेवटच्या 'पॅड' शब्दासकट, जसं छापून आलं आहे तसंच. मग 'एक्ससेटवाकॉम --सेट', नाव, 'बटन १' आणि अवतरणात 'की कंट्रोल झेड'. चौकटी कंसाची की हवी असेल तर चिन्ह न लिहिता ब्रॅकेटलेफ्ट, ब्रॅकेटराइट अशी पूर्ण नावं जोडून लिहायची. ब्रश लहान-मोठा करायला क्रिटात याच दोन कीज असतात.

आता मुख्य भाग. दिलेलं लागू झालं का हे विचारता येतं: 'सेट'च्या जागी 'गेट' लिहा आणि शेवटचा भाग गाळा. नोंद असेल तर 'की'ने सुरू होणारी ओळ येते, तिच्यात कंट्रोल आणि झेड दाबल्या-सोडल्याच्या अधिक-उण्याच्या खुणा असतात. कागद कोरा असेल तर नुसतं 'बटन +१' येतं. हा फरक सापडला आणि माझं काम सोपं झालं. मी एक छोटी स्क्रिप्ट केली. ती दर ५ सेकंदांनी पहिल्या बटणाची नोंद विचारते. उत्तरात 'की' शब्द नसेल तर चारही आज्ञा देते, असेल तर गप्प बसते. टॅबलेट जोडलेला नसताना 'डिव्हाइस सापडलं नाही' अशी कुरकुर येते, ती डेव्ह-नलकडे, म्हणजे लिनक्सच्या कचरापेटीकडे, वळवायची. ही स्क्रिप्ट 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये टाकली आहे, लॉगिन झालं की ती सुरू होते. पेन कोणत्या स्क्रीनवर चालावं याची 'मॅपटूआउटपुट'ची ओळही त्याच स्क्रिप्टमध्ये आहे, कारण तीही त्याच कागदावर लिहिलेली असते आणि तशीच पुसली जाते.

पाच-पाच सेकंदांनी विचारत बसणं काही जणांना पटत नाही. ते यूडेव्हचा नियम लिहा म्हणतात, म्हणजे टॅबलेट जोडला गेला की लगेच स्क्रिप्ट चालेल. मी तो मार्ग आधी घेतला होता आणि त्यातच अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते. यूडेव्हचा नियम रूट म्हणून, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्यातून चालतो. त्याला तुमचा डिस्प्ले कोणता हे माहीत नसतं आणि तुमच्या एक्स सेशनची परवानगीही त्याच्याकडे नसते. शिवाय तो चालतो तेव्हा एक्स सर्व्हरने टॅबलेटची नोंद अजून केलेलीच नसते. म्हणजे कागद निघायच्या आधीच लिहायला गेल्यासारखं. मग लोक स्क्रिप्टमध्ये दोन सेकंदांचं 'स्लीप' घालतात. पण यूडेव्ह लांबलेली कामं ठेवून घेत नाही, ती मारून टाकतो.

यूडेव्हच वापरायचा असेल तर नीट वाट आहे. नियमातून थेट स्क्रिप्ट चालवायची नाही. नियमात सिस्टमडीचा (मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) टॅग द्यायचा आणि 'सिस्टमडी यूजर वॉन्ट्स' या नावाखाली, इथेही मधे अंडरस्कोर, तुमच्या स्वतःच्या यूजर सर्व्हिसचं नाव लिहायचं. मग ती सर्व्हिस तुमच्या सेशनमध्ये, तुमच्या नावाने चालते आणि तिच्यात दोन सेकंद थांबणं चालतं. फक्त त्या सर्व्हिसमध्ये 'रिमेन आफ्टर एक्झिट' चालू ठेवू नका. ते चालू असलं की सर्व्हिस पहिल्यांदा चालते आणि नंतर 'मी चालूच आहे' असं समजून दुसऱ्यांदा हलतच नाही. लॉगिननंतर चालतं आणि झोपेनंतर चालत नाही, अशी लक्षणं असतील तर हे आधी बघा.

आणि एक इशारा. गनोम, सिनॅमन, केडीई या डेस्कटॉपांच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेटचं स्वतंत्र पान असतं आणि मागे त्यांची सेवाही चालू असते. टॅबलेट जोडला की तीही नोंद करायला येते, कधी तुमच्या स्क्रिप्टच्या आधी, कधी नंतर. म्हणून एक दिवस चालतं, एक दिवस नाही. त्या पानावर तुमचा टॅबलेट दिसत असेल तर बटणं तिथेच ठरवा आणि स्क्रिप्ट काढून टाका. एक्सएफसीईच्या माउस-टचपॅडच्या सेटिंगमध्ये टॅबलेटचे दोन-चार पर्याय आहेत, पण बटणांचे नाहीत, म्हणून मला स्क्रिप्ट लागली.

वेलँड असेल तर

आमच्या शेजारी गणिताचे सर आहेत. ते संध्याकाळी मुलांना ऑनलाइन शिकवतात, झूर्नल-प्लस-प्लसवर टॅबलेटने गणितं सोडवून दाखवतात. नवीन उबंटू टाकल्यावर त्यांनी माझ्याकडूनच घेतलेली स्क्रिप्ट चालेना. 'ताई, यादीच रिकामी येते,' म्हणाले. यादी रिकामी येणं किंवा तिथे वेलँडचा उल्लेख येणं, हीच खूण आहे. वेलँडमध्ये वाकॉमचा एक्स ड्रायव्हर मध्ये नसतोच, त्यामुळे एक्ससेटवाकॉमला बोलायला कुणी सापडत नाही. फेडोराने २०१६ मध्ये वेलँड मुख्य केलं, केडीईच्या प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये, आणि उबंटू २५.१० मधून गनोमचं एक्स सेशनच काढून टाकलं. म्हणजे जुन्या स्क्रिप्टा जपून ठेवायच्या, पण त्यांच्यावर फार काळ विसंबू नये.

सरांना उलट फायदाच झाला. गनोमच्या सेटिंगमध्ये टॅबलेटच्या पानावर बटणं नेमून दिली की ती नोंद त्या मॉडेलच्या यूएसबी क्रमांकाखाली कायमची ठेवली जाते. टॅबलेट कितीदाही काढा-लावा, डेस्कटॉप स्वतःच जुनी फाइल काढून लावतो. प्लाझ्मातही 'ड्रॉइंग टॅबलेट'च्या पानावर तसंच. पेनवरच्या बटणासाठी झूर्नल-प्लस-प्लसच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये पर्याय आहे. सरांनी पेनच्या बटणावर खोडरबर ठेवलं आहे, ते तिथूनच.

त्या पानावर टॅबलेट दिसतच नसेल, किंवा बटणं कमी दिसत असतील, तर बहुधा लिबवाकॉमला तुमचं मॉडेल माहीत नाही. लिबवाकॉम म्हणजे मॉडेलांची वही: कोणत्या टॅबलेटला किती बटणं, कोणत्या बाजूला. 'लिबवाकॉम-लिस्ट-लोकल-डिव्हायसेस' दिल्यावर तुमचा टॅबलेट आला नाही तर तो वहीत नाही. आधी लिबवाकॉमची नवी आवृत्ती मिळते का बघा, कारण मॉडेलं सतत वाढत असतात. इथे एक अडचण ह्युऑन आणि गाओमॉनवाल्यांनी लक्षात ठेवावी: तिथे बरीच वेगवेगळी मॉडेलं एकाच यूएसबी क्रमांकाने येतात. नुसत्या क्रमांकावरून सिस्टमला हे मॉडेल कोणतं ते कळत नाही, त्यामुळे दुसऱ्याच मॉडेलसाठी लिहिलेला उपाय तुमच्याकडे अर्धवट लागू होतो.

ड्रायव्हर दोन झाले तर

ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन यांच्या बऱ्याच टॅबलेटांसाठी कर्नलमध्ये हिड-यूसीलॉजिक हा ड्रायव्हर आहे, डिजिमेंड प्रकल्पातून आलेला. काही कंपन्या लिनक्ससाठी स्वतःचाही ड्रायव्हर देतात. शिवाय ओपन-टॅबलेट-ड्रायव्हर आहे, तो कर्नलच्या बाहेर राहून टॅबलेट थेट वाचतो आणि जोडणी तुटून परत आली तरी आपल्या नोंदी स्वतः लावतो. तिन्ही एकेकटे चांगले आहेत. त्रास होतो तो एकातून दुसऱ्यावर जाताना पहिला तसाच राहून गेला तर. बटण एकदा दाबलं आणि अनडू दोनदा झाला, किंवा बटण कधी लागलं कधी नाही, तर हेच शोधा. ओपन-टॅबलेट-ड्रायव्हर घेतलात तर कर्नलचे ड्रायव्हर बाजूला ठेवावे लागतात (त्याच्या पॅकेजात ती सोय सहसा असते), आणि तो नको झाला तर ती बंदी उठवावीही लागते. बंदी राहिली की टॅबलेट मेल्यासारखा वाटतो. ओपन-टॅबलेट-ड्रायव्हर वापरणार असाल तर डेस्कटॉपच्या पानावर आणि एक्ससेटवाकॉममध्ये बटणांना हात लावू नका.

मराठी कीबोर्ड चालू असताना

हे मला कुठेच लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून जास्त लिहिते. चित्रात कधी दुकानाची पाटी असते, कधी फुग्यातला संवाद असतो. तो टाइप करायला मी इनस्क्रिप्टवर जाते. एकदा पाटीवर 'वाचनालय' लिहिलं आणि परत रंगवायला घेतलं, तर चौथं बटण बंद. स्क्रिप्ट तपासली, नोंद जागच्या जागी. अर्धा तास गेला. मग कीबोर्डवरचं ई दाबून पाहिलं, तेही चालेना.

टॅबलेटचं बटण अक्षर पाठवत नाही, की पाठवतं. त्या कीचं अक्षर कोणतं हे चालू असलेला कीबोर्ड ठरवतो. क्रिटात खोडरबर ई वर आणि ब्रश बी वर. इनस्क्रिप्टमध्ये ई च्या जागी काना आहे आणि बी च्या जागी 'व'. क्रिटाला 'ई' हवं होतं आणि मिळत होता काना. माझ्याकडे कंट्रोल-झेड मराठीतही चालत राहिलं, कारण कंट्रोल असलेले शॉर्टकट ओळखताना प्रोग्राम रोमन कीबोर्डकडेही बघून घेतो. एकट्या अक्षराच्या शॉर्टकटला ती सवलत मिळाली नाही. म्हणून काही बटणं चालू, काही बंद, असं विचित्र चित्र दिसतं. असं दिसलं की टॅबलेटला हात लावायच्या आधी कीबोर्डवरची तीच की दाबून बघा. तीही चालत नसेल तर गोष्ट भाषेची आहे.

दर वेळी इंग्रजीवर परत जाणं हा उपाय माझ्या ध्यानात राहत नव्हता. मी वेगळं केलं. क्रिटाच्या शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये खोडरबर आणि ब्रशच्या आकारासाठी मोकळ्या असलेल्या फंक्शन कीज दिल्या आणि टॅबलेटच्या बटणांना त्याच पाठवायला लावल्या. एफ-नाइन मराठीतही एफ-नाइनच असते. फक्त एफ-फाइव्ह घेऊ नका, क्रिटात तिथे ब्रशचं संपादन उघडतं.

बटणाचं काहीच उमटत नसेल तर

वरच्या पहिल्या तपासणीत काहीच दिसलं नसेल तर 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवून वायर हळूच हलवा. 'यूएसबी डिस्कनेक्ट'च्या ओळी धडाधड आल्या तर वायर किंवा पोर्ट ढिलं आहे. टॅबलेटसोबत आलेली वायरच वापरा, मोबाइल चार्जरच्या काही वायरींमधून डेटा जातच नाही. वीज वाचवायला टीएलपी टाकलं असेल तर टॅबलेटचा यूएसबी क्रमांक त्याच्या यूएसबी डिनायलिस्टमध्ये घाला.

वाकॉमच्या छोट्या चार बटणांच्या इंट्युओसवाल्यांसाठी आणखी एक. तो अँड्रॉइड फोनलाही जोडता येतो आणि त्यासाठी त्याची वेगळी अवस्था असते. त्या अवस्थेत पेन चालतं, पण पाटीचा थोडाच भाग वापरात येतो आणि बटणांचा उपयोग होत नाही. कडेची दोन बटणं, म्हणजे पहिलं आणि शेवटचं, तीन-चार सेकंद एकत्र दाबून धरली की तो परत संगणकाच्या अवस्थेत येतो. पाटी पुसताना किंवा पिशवीत ठेवताना ती दोन्ही दाबली जाऊ शकतात, म्हणून मी आता पुसायच्या आधी वायर काढते.

सगळं लावून झाल्यावर लगेच खूश होऊ नका, कारण लावल्या लावल्या तर सगळंच चालतं. झाकण लावा, चहा करून या, झाकण उघडा, दहा सेकंद थांबा आणि मग 'गेट' देऊन पहिल्या बटणाची नोंद विचारा. वेलँडवर असाल तर नुसतं बटण दाबून बघा. मग वायर काढून दुसऱ्या पोर्टला लावा आणि पुन्हा तेच करा. त्यानंतर लॉगआउट करून एकदा. तिन्ही वेळा अनडू झाला तर झालं. एखाद्या वेळी पुन्हा ठिपका उमटला तर तो कोणत्या वेळी उमटला ते लिहून ठेवा: झोपेनंतर, पोर्ट बदलल्यावर की लॉगिननंतर. तेवढ्यावरून नोंद कुठे हरवते ते कळतं.